निःस्पृह रामशास्त्री

बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी आठवड्याचा बाजार भरला, म्हणजे तराजूंची एकच गर्दी उडते. कोणी ज्वारी मोजून देतो, कोणी मिरच्या, कोणी भाजीपाला. शहाणे गिऱ्हाईक माल घेण्यापूर्वी वजनावर सरकारी छाप आहे की नाही, हे पाहून घेते. वजन दुकानदाराचे असते, ते रोज वापरतोही तोच. परंतु ते खरे आहे असे ठरविण्याचा अधिकार मात्र त्याला नसतो. तो अधिकार वजने तपासणाऱ्या दुसऱ्याच माणसाकडे असतो. ह्यात दुकानदाराचा अपमान नाही. प्रामाणिक दुकानदाराला तर ती छाप हवीच असते. कारण तिच्यामुळेच त्याच्यावर लोकांचा विश्वास बसतो.

जी गोष्ट तराजूची, तीच राज्यकारभाराची. कारभार करणाऱ्यांच्या हाती खजिना असतो, शिपाई असतात, हुकूम असतो. ह्या सत्तेचा ते नीट उपयोग करतात की नाही, हे कोणी पाहावयाचे? आणि पाहणारा त्याच राज्याचा नोकर असेल, त्याच खजिन्यातून वेतन घेत असेल, तर धन्याची चूक धन्याच्या तोंडावर सांगण्याचे बळ त्याच्या अंगी कोठून यावे? सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी पेशव्यांच्या दरबारातील एका पुरुषाने ह्या अवघड प्रश्नाचे उत्तर आपल्या आचरणाने दिले. त्यांचे नाव रामशास्त्री प्रभुणे.

साताऱ्याजवळ कृष्णा व वेण्णा ह्या नद्यांच्या संगमावर माहुली नावाचे क्षेत्र आहे. हे रामशास्त्र्यांचे जन्मगाव. त्यांच्या वडिलांचे नाव विश्वनाथ. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे रामला शिक्षण मिळाले नाही. पोटासाठी त्याला साताऱ्यास अनगळ नावाच्या सावकाराच्या घरी पडेल ते काम करावे लागले. तेथली एक आख्यायिका आजही सांगितली जाते. एके दिवशी राम धन्याच्या पायांवर पाणी घालीत होता. धन्याच्या कानातील तेजस्वी भिकबाळीकडे पाहता पाहता त्याचे भान हरपले आणि पाण्याची धार भलतीकडेच जाऊ लागली. तेव्हा सावकाराने त्याची कानउघाडणी केली. असली मोत्ये एक तर मोठी विद्या मिळविणाऱ्याला शोभतात, नाही तर तलवार गाजविणाऱ्याला. पाणक्याने त्यांच्याकडे पाहून काय उपयोग, असे तो म्हणाला. हे शब्द तरुण रामच्या काळजात रुतले. त्याने कोणावर राग धरला नाही. परंतु तो पायी काशीच्या वाटेस लागला.

ज्या वयात इतरांची विद्या पुरी होते, त्या वयात रामने अक्षरओळखीपासून आरंभ केला. काशीतील पंडितांपाशी राहून त्याने कित्येक वर्षे अध्ययन केले आणि धर्मशास्त्रात मोठी पारंगतता मिळविली. त्या काळी वारसा, देणेघेणे, वतने, गुन्हे व दंड ह्या सर्वांचा निर्णय धर्मशास्त्राच्या ग्रंथांच्या व रूढींच्या आधारे होत असे. म्हणून धर्मशास्त्राचा जाणकार हाच त्या काळचा कायदेपंडित होता. काशीहून परतलेले रामशास्त्री १७५१ साली पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून राहिले आणि १७५९ साली त्यांची पुण्याच्या मुख्य न्यायाधीशपदी नेमणूक झाली. सावकाराच्या घरचा पाणक्या राज्याच्या न्यायासनावर बसला!

त्या वेळी मराठी राज्याचा विस्तार मोठा होता आणि त्याचा कारभार निरनिराळ्या अंमलदारांवर सोपविलेला असे. परगण्यापरगण्यांतून मामलेदार व कमाविसदार वसूल गोळा करीत. त्यांनी रयतेकडून जादा पैसा उकळू नये व सरकारी रक्कम आपल्या घरात घालू नये, म्हणून पूर्वजांनी एक चांगली योजना केलेली होती. मामलेदाराच्या कचेरीतच मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार अशा दरखदारांची नेमणूक असे. हिशेब लिहिणे, तो तपासणे, कागदांवर निशाणी करणे ही कामे त्यांनी वाटून घेतलेली असत. विशेष हे, की हे दरखदार मामलेदाराच्या हाताखाली काम करीत असले, तरी त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नसे. त्यांची नेमणूक वरून झालेली असे, आणि काही गैर दिसले तर त्यांनी ते वर कळवावे अशी अपेक्षा असे. तपासणारा ज्याला तपासावयाचे त्याच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये, हे तत्त्व आपल्या जुन्या कारभाऱ्यांनी चांगले ओळखलेले होते.

परंतु ह्या योजनेत एक उणीव होती. मामलेदारावर दरखदारांची नजर असे आणि दरखदारांवर पुण्याच्या दफ्तराची नजर असे. पण खुद्द पेशव्यांवर नजर कोणाची? त्यासाठी कोणताही दरखदार नेमलेला नव्हता. ते काम कोणी सांगितलेले नसताना रामशास्त्र्यांनी अंगावर घेतले.

१७६१ च्या जानेवारीत पानिपतावर मराठ्यांचा मोठा पराभव झाला. त्याच वर्षी माधवराव हे वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवे झाले. माधवराव बुद्धिमान, कष्टाळू व न्यायप्रिय होते. १७६३ साली आपल्या मराठवाड्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन येथे त्यांनी निजामाच्या फौजेवर जय मिळविला. ह्या तरुण पेशव्यांना मध्यंतरी जपजाप्याचा व ध्यानधारणेचा नाद लागला. एकदा रामशास्त्री महत्त्वाच्या कामासाठी वाड्यात गेले असता पेशवे अनुष्ठानाला बसले आहेत, असे सांगून सेवकांनी त्यांना परत लाविले. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा प्रवासाची तयारी करूनच वाड्यावर आले आणि त्यांनी काशीस जाण्याची परवानगी मागितली. पेशव्यांना आश्चर्य वाटले. आदल्या दिवशी भेट न झाल्याबद्दल त्यांनी दिलगिरी दर्शविली आणि ब्राह्मणाने आपला धर्म पाळावा ह्यात गैर ते काय, असे विचारले. शास्त्र्यांनी शांतपणे सांगितले, की ब्राह्मणाचा जपतपाचा धर्मच पाळावयाचा असेल तर राज्य सोडावे, आणि उभयतांनी गंगेच्या काठी जाऊन बसावे. परंतु राज्य हाती ठेवावयाचे असेल, तर रयतेचे गाऱ्हाणे ऐकणे हाच राजाचा जप होय. माधवरावांनी ह्या बोलण्याचा राग मानला नाही. त्यांनी ते अनुष्ठान सोडले व पुन्हा कारभारात लक्ष घातले.

मुलांनो, ह्या प्रसंगात दोघांचाही मोठेपणा दिसून येतो. शास्त्र्यांनी नोकरी सोडण्याची तयारी ठेवूनच तोंड उघडले; आणि पेशव्यांनी, आपण धनी आहोत हे विसरून, नोकराने दाखविलेली चूक मान्य केली. ऐकणारा असा असला, म्हणजे सांगणाऱ्याचे काम सोपे होते. तो तसा नसला, तर काय होते, हे पुढे दिसेलच.

दुसऱ्याला तपासणाऱ्याने आधी स्वतःला तपासून घ्यावे लागते. रामशास्त्री ह्या बाबतीत फार कठोर होते. एका दिवसाला पुरेल एवढ्याहून अधिक शिधा ते घरात ठेवीत नसत, अशी त्यांची ख्याती होती. कोणाकडून नजराणा घेणे तर दूरच. एकदा त्यांच्या पत्नी पेशव्यांच्या वाड्यात हळदीकुंकवाला गेल्या असता त्यांचा साधा वेष पाहून रमाबाईंनी त्यांना भरजरी शालू व दागिने घालून पालखीतून घरी पाठविले. दारात पालखी उतरताच शास्त्र्यांनी ह्या कोणी मोठ्या घरच्या बाई दिसतात, त्यांनी घर चुकलेले असावे, असे म्हणून दार लावून घेतले. बाई समजल्या. वस्त्रे व दागिने परत करून जेव्हा त्या आपल्या नेहमीच्या लुगड्यात पायी आल्या, तेव्हाच त्यांना घर उघडे झाले, असे सांगतात.

अशीच दुसरी एक आख्यायिका आहे. श्रावणमासात पुण्यास विद्वानांना दक्षिणा वाटण्याची चाल होती. कोणाची विद्या केवढी, हे पाहून दक्षिणेचा आकडा ठरविण्याचे काम रामशास्त्र्यांकडे असे. एके वर्षी रांगेत त्यांचा सख्खा भाऊच उभा राहिला. शेजारी बसलेल्या नाना फडणिसांनी त्याला वीस रुपये द्यावे असे सुचविले. शास्त्र्यांनी मात्र त्याच्या साधारण विद्येला साजेसे दोनच रुपये दिले. भाऊ म्हणून त्याला काही द्यावयाचे ते आपण आपल्या घरून देऊ, त्याचा भार सरकारी खजिन्यावर कशाला, असा त्यांचा विचार होता.

अशा ह्या पुरुषाची खरी परीक्षा १७७३ साली झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, थेऊर येथे थोरले माधवराव क्षयाच्या विकाराने वारले. त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. त्यांच्या मागून त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. माधवरावांचे चुलते रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा हे मोठे शूर सेनापती होते. १७५८ साली त्यांच्याच मोहिमेत मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत पोहोचले होते. परंतु पेशवेपद आपल्याला मिळावे ही हाव त्यांच्या मनातून कधी गेली नाही. माधवरावांशी त्यांनी लढाया केल्या व १७६८ साली धोडप येथे पराभूत झाल्यावर त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत राहावे लागले. नारायणरावाच्या वेळीही ते वाड्यात नजरकैदेतच होते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, वाड्यावरील गारदी शिपायांनी पगार थकल्याचे निमित्त करून दंगा केला. सुमेरसिंग गारदी व त्याचे साथीदार नंग्या तलवारी घेऊन आत घुसले. अठरा वर्षांचा नारायणराव जीव वाचविण्यासाठी धावत चुलत्याच्या दालनात गेला व त्याने त्यांना मिठी मारली. परंतु गारद्यांनी त्याला तेथेच ठार केले. धन्याला वाचविण्यासाठी मध्ये पडलेला चापाजी टिळेकर हा इमानी सेवकही प्राणास मुकला. वाड्याबाहेर सारे पुणे भयभीत झाले. पेशवेपद राघोबादादांकडे गेले आणि बहुतेकांनी त्यांच्यापुढे मान तुकविली. नवे पेशवे हेच आता सर्वांचे धनी होते. गारदी त्यांच्या बाजूचे होते. अशा वेळी झालेल्या प्रकाराबद्दल विचारण्याची छाती कोणाची होणार?

रामशास्त्र्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही. न्यायाधीश ह्या नात्याने खुनाची चौकशी करणे हे आपले कामच आहे, असे समजून त्यांनी तपासाला हात घातला. सुमारे सहा आठवडे त्यांनी साक्षी व पुरावे गोळा केले. राघोबादादांनी गारद्यांना लेखी हुकूम दिला होता, असे त्यांना आढळून आले. नारायणरावास धरावे, असे त्या कागदावर लिहिलेले होते व पुढे धरावे ह्या शब्दाच्या जागी मारावे असा शब्द करण्यात आला, अशी कथा प्रसिद्ध आहे. एका अक्षराने माणसाचा जीव घेतला, असे म्हणतात ते ह्यावरूनच. लोकांनी ह्या फेरफाराचा दोष राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई ह्यांच्याकडे दिला. परंतु त्याविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. रामशास्त्र्यांनी मात्र ऐकीव गोष्टींवर भिस्त ठेवली नाही. ज्याच्याविरुद्ध पुरावा होता, त्याच्याकडेच ते थेट गेले.

पेशव्यांसमोर उभे राहून त्यांनी तपासाचा निष्कर्ष सांगितला. राघोबादादांनी धरण्याचा हुकूम दिल्याचे कबूल केले. मारण्याचा दिला नाही, असे ते म्हणाले. ह्या पापाला काही प्रायश्चित्त असेल तर ते सांगावे, असे त्यांनी विचारले. त्या काळी सर्वांना समान कायदा नव्हता. जात व दर्जा पाहून शिक्षा ठरत असे, आणि ब्राह्मणाला देहदंड देऊ नये असा सर्वसाधारण प्रघात होता. दानधर्म करावा, तीर्थयात्रा करावी, असे एखादे सोपे प्रायश्चित्त सांगून शास्त्र्यांना त्यातून सुटता आले असते. तसे केले असते, तर पेशवे प्रसन्न झाले असते व शास्त्र्यांना बक्षीसही मिळाले असते. परंतु रामशास्त्र्यांनी निर्भयपणे सांगितले, की ह्या अपराधाला देहान्त हेच एक प्रायश्चित्त आहे. जोवर असा मनुष्य राज्याचा धनी आहे, तोवर त्या राज्याचे कल्याण होणार नाही, आणि आपणही त्याच्या राज्यात नोकरी करणार नाही, पुण्यात पाऊलही टाकणार नाही, असे सांगून ते तेथून निघाले.

एवढे बोलूनही त्यांचे प्राण वाचले. दुष्कृत्य करणाऱ्यालासुद्धा त्यांच्यावर हात टाकण्याचा धीर झाला नाही, एवढा त्यांच्या चारित्र्याचा दरारा होता. शास्त्रीबुवा पुणे सोडून वाईजवळ पांडववाडी येथे जाऊन राहिले. घरात दुसऱ्या दिवसाचा शिधा न ठेवणाऱ्या माणसाला नोकरी सोडताना काय सोडावे लागणार? ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही नसते, त्याला भय दाखविता येत नाही. त्यांचा साधेपणा हा केवळ सद्गुण नव्हता. तेच त्यांचे चिलखत होते.

आता तुम्ही विचाराल, की ह्या निर्णयाचा उपयोग काय झाला? राघोबादादांना शिक्षा तर झालीच नाही. हे खरे आहे. न्यायाधीशांपाशी सैन्य नव्हते, आणि सैन्य ज्याच्या हाती तोच अपराधी होता. तरीही तो निर्णय वाया गेला नाही. राज्यातील सर्वांत मोठ्या न्यायाधीशाने पेशव्याला खुनी ठरविले आहे, ही गोष्ट लपून राहण्यासारखी नव्हती. नाना फडणीस, सखारामबापू बोकील इत्यादी कारभारी एकत्र आले. ह्यांनाच इतिहासात बारभाई म्हणतात. नारायणरावाची पत्नी गंगाबाई हिला त्यांनी पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित ठेवले. १८ एप्रिल १७७४ रोजी तिला पुत्र झाला. हाच सवाई माधवराव. हे बालक अवघे चाळीस दिवसांचे असताना त्याला पेशवेपदाची वस्त्रे देण्यात आली. राघोबादादांनी पुढे १७७५ साली सुरत येथे इंग्रजांशी तह करून त्यांचे साहाय्य घेतले व त्यातून मराठे आणि इंग्रज ह्यांचे युद्ध पेटले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते युद्ध थांबले. राघोबादादांना पेशवेपद परत मिळाले नाही. १७८३ साली कोपरगाव येथे त्यांचा अंत झाला.

बारभाईंनी रामशास्त्र्यांना सन्मानाने परत बोलाविले. गुन्हेगार गादीवरून गेलेला होता, म्हणून शास्त्र्यांनीही आपला शब्द राखून पुन्हा न्यायासन स्वीकारले. १७८९ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी ते काम केले. मृत्यूनंतरही त्यांचे नाव मागे पडले नाही. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९४४ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला. आजही कोणी निर्भीडपणे न्याय केला, की लोक त्याला रामशास्त्री बाण्याचा म्हणतात. पेशव्यांच्या वाड्याचे दिवाणखाने जळून गेले. न्यायाधीशाचे नाव मात्र बोलीत जिवंत राहिले.

तथापि त्यांच्या चरित्रातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्या काळी खरे बोलणाऱ्या न्यायाधीशाला कशाचेही संरक्षण नव्हते. माधवरावांसारखा गुणी धनी होता, तोपर्यंत शास्त्र्यांचे शब्द ऐकले गेले; धनी बदलताच त्यांना घर सोडून जावे लागले. राज्याचा न्याय असा एकाच माणसाच्या धैर्यावर टांगलेला असावा, हे बरे नव्हे. रामशास्त्री काही प्रत्येक पिढीत जन्मास येत नाहीत.

म्हणून स्वतंत्र भारताने आपल्या संविधानात ह्याची तजवीज केली. २६ जानेवारी १९५० पासून हे संविधान लागू झाले. देशाच्या खर्चाची तपासणी करण्यासाठी त्यात नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद निर्माण केले आहे. ह्या अधिकाऱ्याचे वेतन सरकारच देते. परंतु त्याचा अहवाल आवडला नाही, म्हणून मंत्र्यांना त्याला काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला दूर करण्यासाठी संसदेला जी अवघड रीत पाळावी लागते, तीच रीत त्याच्या बाबतीतही पाळावी लागते. आपल्या महाराष्ट्राने १९७१ साली कायदा केला व १९७२ साली लोकायुक्त नेमले. अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींची स्वतंत्रपणे चौकशी करणारे हे पद नेमणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. दरखदाराला मामलेदाराने काढू नये, हा जुन्या दफ्तरातला विचारच येथे मोठ्या रूपाने पुन्हा आलेला दिसतो. आणि पूर्वी जी जागा मोकळी होती, ती सर्वांत वरची जागाही आता कायद्याच्या नजरेखाली आली आहे.

परंतु कायदा जागा निर्माण करतो. त्या जागेवर माणूसच बसतो. त्याने भावाला दोनाऐवजी वीस रुपये दिले, तर कायदा काय करील? उद्या तुमच्यापैकी कोणी तहसील कचेरीत हिशेब तपासील, कोणी न्यायासनावर बसेल, कोणी वर्गातील वर्गणीचीच वही सांभाळील. वही लहान असो वा मोठी, तिच्यात खोटा आकडा लिहिण्यासाठी कोणी तरी आर्जव करील, कोणी तरी डोळे वटारील. त्या वेळी माहुलीच्या पाणक्या पोराची आठवण करावी. त्याने मिळविलेले मोती कोणत्याही भिकबाळीत मावणारे नव्हते.